आव्हर्डची तिबोटी

आव्हर्ड किन्समनचा कुणावरही विश्वास नव्हता. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईवरसुद्धा नाही. "हिचा भाऊ बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ विकत असणार, बघ तू," असं तो म्हणायचा, आणि तिने सांगितलेला बर्फ खरोखरच पडायला लागला, की त्यातही काहीतरी लबाडी असणार अशा नजरेने खिडकीतून बघत बसायचा. मी लग्न होऊन मिल ब्रूकला आले तेव्हापासून त्याच्या समोरच्या घरात राहते. त्याच्याकडून खाऊ घालून आलेली थाळी धुऊन परत द्यायला गेले, की तो ती उलटी करून तळ बघायचा. थाळी त्याचीच आहे ना, याची खात्री करायला! सुरुवातीला मला राग यायचा. मग मी थाळी उलटी करूनच त्याच्या हातात द्यायला लागले.

आमच्या गावात माणसं थोडी आणि कोंबड्या फार. प्रत्येकाच्या शेडमध्ये रोज चार-दोन कोंबड्या मरतातच. हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, पुरणार कुठे? म्हणून पूर्वीपासूनची पद्धत अशी की मेलेल्या कोंबड्या सकाळी शेतात फेकायच्या आणि गरुडांनी त्या न्यायच्या. त्यापायी दर हिवाळ्यात एवढे गरुड जमायला लागले की शहरातून लोक बघायला येऊ लागले. मग शनिवारी गावच्या हॉलमध्ये पॅनकेक आणि सॉसेजचा नाश्ता सुरू झाला. तव्यापाशी मी असते. कोंबड्या टाकायचं शेत मात्र आव्हर्डचं, आणि टाकणाराही आव्हर्डच. बायको गेल्यावर त्याला दुसरं काही उरलंही नव्हतं. गरुड होते आणि डचेस नावाची म्हातारी पांढरी घोडी होती.

येणाऱ्या लोकांना पांढऱ्या डोक्याचे गरुड हवे असतात. अमेरिकेच्या नाण्यांवर, नोटांवर असतात तसे. शेतात मात्र निम्मे गरुड तपकिरी, मळकट, ठिपक्याठिपक्यांचे. मग कुणीतरी कॅमेरा सरसावून हमखास विचारणार, "हा सोनेरी गरुड का हो?"

"सोनेरी गरुड इथे कशाला झक मारायला येईल?" आव्हर्ड म्हणायचा. "हे यांचंच पोर आहे. चोच बघा केवढी. पाय बघा, पिवळे, उघडे. सोनेऱ्याच्या पायावर बोटांपर्यंत पिसं असतात. आता उडेल तेव्हा काखेत बघा, पांढरा डाग दिसेल. दिसला?"

"हो, हो, दिसला."

तो माणूस पुढे गेला की आव्हर्ड माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "काही दिसला नाही त्याला. उगाच मान हलवली."

पांढरी डोकी त्याला आवडायची नाहीत. ती एकदा पांढरी झाली की सगळी सारखीच, त्यांच्यात ओळखायचं काय, असं त्याचं म्हणणं. त्याचा सगळा जीव तपकिऱ्यांत. आणि या पोरांची गंमत अशी की ती दर वर्षी कपडे बदलतात. गेल्या हिवाळ्यातलं पोर या हिवाळ्यात आलं तरी ते तेच, हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. आव्हर्डला एकाच्या बाबतीत कळायचं, कारण तिच्या डाव्या पायाच्या चार बोटांतलं एक नव्हतं. कुठल्यातरी सापळ्यात तुटलं असेल. तिला तो तिबोटी म्हणायचा.

तिबोटी पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट होती. चोच काळी, डोळे काळे. शेजारी बसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या मादीपेक्षाही मोठी दिसत होती. "ही इथली नाही," आव्हर्डने लगेच ठरवलं. "एवढं मोठं पोर असतं का कुठे? कुणीतरी आणून सोडलीय." नंतर त्यानेच शोधून काढलं, की पहिल्या वर्षीची पिसं लांब असतात, म्हणून पोर आईहून थोराड दिसतं. पुढच्या हिवाळ्यात ती आली ती पोटावर मळका पांढरा रंग घेऊन. पंखांची कडाही दातेरी झाली होती, कारण काही जुनी लांब पिसं अजून गळायची होती. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चोच पिवळी व्हायला लागली, डोळा फिका झाला आणि डोळ्यांवरून एक काळी पट्टी आली. ती पट्टी बघून आव्हर्ड खूश झाला होता. "आता शोभतेय दरोडेखोर," म्हणाला. मी त्याला इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी सांगतेय तो हिवाळा त्याच्या नंतरचा. तिचं डोकं जवळजवळ पांढरं झालं होतं, वर तपकिरी शिंतोडे उरले होते आणि शेपटीच्या टोकाला अजून मळ होता. आव्हर्ड स्वयंपाकघराच्या खिडकीत तिवईवर दुर्बीण लावून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

"पुढच्या हिवाळ्यात हे डोकं चकाचक पांढरं होणार," तो मला म्हणाला. "तेवढं बघायचंय मला, आर्डिथ. पहिल्या काळ्या पिसापासून शेवटच्या पांढऱ्या पिसापर्यंत एकच पक्षी. असं कुणी पाहिलं नसेल."

"आणि मग?"

"मग काय? मग मेलो तरी चालेल."

"आधी माझं बर्फ काढायचं फावडं परत कर," मी म्हटलं. फावडं माझंच होतं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

जानेवारीत डचेस बसली ती उठेना. तरुणपणी तिने सफरचंदांच्या गाड्या ओढल्या होत्या. म्हातारपणी नुसती कुंपणापाशी उभी राहून आव्हर्डच्या टोपीला तोंड लावायची. जनावरांची डॉक्टर शीला फुल्ट्झ आली, तिने बघितलं आणि शेवटची सुई दिली. मी आव्हर्डजवळ उभी होते. तो घोडीच्या कानामागे खाजवत राहिला, संपल्यावरही.

"आव्हर्ड, हिला खोल पुरा," शीला म्हणाली. "काहीही झालं तरी कुठलं जनावर तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये. जमीन गोठलीय, तुम्हाला हाताने जमायचं नाही. रँडीला यंत्र घेऊन बोलवा, तो देईल खणून."

आव्हर्डने मान हलवली. तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाला, "रँडी कोण तिचा, माहितीय ना?"

"मावसभाऊ."

"मग? ही सुई मारणार, तो खड्डा खणणार. घरच्या घरी धंदा."

मला हसू आलं. असं तो सगळ्यांबद्दलच बोलायचा. पुढे डचेसचं काय केलंस विचारलं तर "केलं माझं मी" म्हणाला. मीही पुढे काही विचारलं नाही.

थोडे दिवस गेले आणि गरुडांचं काहीतरी बिनसलं. तपकिरी पोरं बर्फात बसून राहायला लागली. पंख सैल, मान खाली, दारू प्यायल्यासारखी. माणूस जवळ गेला तरी उडेनात. शहरातले लोक मात्र खूश, इतक्या जवळून फोटो कुठे मिळायला! मग एक पोर विलोच्या झाडाखाली मेलेलं सापडलं, दुसरं ओढ्याच्या काठी. पांढऱ्या डोक्याचं एकही नाही. पांढरी डोकी सावध, ती झाडावर थांबून बघत बसतात. खाण्यावर आधी उतरतात ती पोरंच.

"विष," आव्हर्ड म्हणाला. "कुणी घातलंय तेही मला माहितीय."

हंस पाळणारा एल्डन हंटली म्हणजे आव्हर्डच्या शेताला लागून असलेला शेजारी. शरद ऋतूत एका तपकिरी गरुडाने त्याची हंसीण उचलली होती, तेव्हा एल्डन भर हॉलमध्ये म्हणाला होता, "या तपकिऱ्यांचा एकदा बंदोबस्त केला पाहिजे." रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. आम्ही विसरलो. आव्हर्ड कसा विसरेल? शिवाय एल्डनच्या कोठारात उंदीर झाले होते, आणि त्याने औषध आणलं होतं, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी कुठेतरी मुरतंय असं मलाही वाटायला लागलं.

आव्हर्डने दुर्बीण फिरवली. आता ती शेताकडे नाही, एल्डनच्या अंगणाकडे असायची. एल्डन कोठारात किती वेळ होता, हातात बादली होती की नव्हती, बादली झाकलेली का होती, हे सगळं तो मला येऊन सांगायचा. "बादली झाकलेली असते कारण बर्फ पडतो," मी म्हणायचे. "तू भोळी आहेस," तो म्हणायचा.

आणि एके दिवशी दुपारी तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं उघडी.

"नेली," म्हणाला. "तिबोटी. एल्डनने नेली."

"बस आधी. काय पाहिलंस?"

"त्याच्या कुरणातून येत होता. कोटात काहीतरी गुंडाळलेलं. कोटाबाहेर एक पाय लोंबत होता. आर्डिथ, मी बोटं मोजली. ट्रकमध्ये ठेवली आणि निघून गेला. लगेच! घरातसुद्धा गेला नाही."

"जिवंत होती का?"

"मान लोंबत होती." तो म्हणाला. "कुठेतरी लांब नेऊन पुरणार. पुरावा नको ना राहायला."

मी चहा केला. त्याने घेतला नाही. पोलिसांना कळवू या म्हटलं, तर म्हणाला गावचा पोलीस एल्डनबरोबर बर्फावरची हॉकी खेळायचा, तो काय करणार. माझ्या स्वयंपाकघरात बसून तो म्हातारा माणूस रडला. त्याची बायको गेली तेव्हा तो माझ्यासमोर रडला नव्हता.

शनिवारी हॉल भरलेला होता. मी तव्यावर पीठ ओतत होते. एल्डन ताट घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, एकटाच. गावात कुजबुज पोहोचली होती, त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. आव्हर्ड आत आला, सरळ त्याच्यासमोर गेला आणि उभा राहिला.

"कुठे पुरलीस तिला?"

एल्डनने वर बघितलं. "कुणाला?"

"तुला माहितीय कुणाला. मी पाहिलंय तुला. कोटात गुंडाळून नेताना पाहिलंय."

"दुर्बिणीतून?"

"हो, दुर्बिणीतून!"

"मग दुर्बिणीलाच विचार कुठे पुरली ते," एल्डन म्हणाला आणि सॉसेजचा तुकडा काट्याला लावला. काटा हातातच राहिला, तोंडापर्यंत गेला नाही.

"विष घालून पोरं मारतोस आणि इथे बसून गिळतोस? एका हंसिणीसाठी?"

हॉलमध्ये शहरातले लोक पाकाची बाटली हातात धरून बघत राहिले. एल्डनचा चेहरा लाल झाला होता. तो उठला, अर्धं भरलेलं ताट माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाला, "पॅनकेक चांगले आहेत, आर्डिथ." मग टोपी घालून निघून गेला. त्याच्या मागे कुणी गेलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात मी आव्हर्डकडे बीन्सचं भांडं घेऊन गेले होते, तेवढ्यात शीला फुल्ट्झची गाडी आली. तिने बूट झटकले, टेबलापाशी बसली, पण कोट काढला नाही.

"पक्ष्यांच्या दवाखान्यातून मला फोन आला होता," ती म्हणाली. "मेलेली दोन पोरं त्यांनी तपासली. उंदराचं औषध नाही. झोपेचं औषध आहे, खूप. जनावराला कायमचं शांत करायला आम्ही देतो ते."

आव्हर्डने बीन्सचं भांडं चुलीवर ठेवलं.

"त्यांच्या पोटात घोड्याचं मांस होतं. आणि केस. पांढरे केस." शीलाने त्याच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "आव्हर्ड, डचेसला कुठे पुरलंत?"

चुलीत लाकूड तडतडत होतं. आव्हर्ड उभाच होता, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून.

"नाही पुरली," तो शेवटी म्हणाला. "ओढ्यापाशी, झुडपांमागे ठेवली. ट्रॅक्टरने ओढत नेली. मला वाटलं, आयुष्यभर माझ्याजवळ होती. हे गरुडही माझ्याजवळचेच. तिला यांनी न्यावं. मातीत टाकण्यापेक्षा..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, जनावर पोहोचता कामा नये म्हणून. ते औषध मांसात राहतं. जो खाईल त्याला लागतं."

"मला वाटलं, तुम्ही रँडीसाठी बोलताय."

शीला त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावेल असं मला वाटलं. ती नुसती म्हणाली, "मी सांगितलेल्या खड्ड्याचे पैसे रँडी कधीच घेत नाही."

आव्हर्ड खाली बसला. मग शीला म्हणाली, "तिसरी जगेल बहुतेक. एल्डनने नेली ती. वेळेत नेली म्हणून. गाडीचा हीटर पूर्ण लावून थेट दवाखान्यात. पोचेपर्यंत तिला एका हाताने मांडीवर धरून होता म्हणे. तिथेच थांबला ती डोळे उघडेपर्यंत."

"त्याने का नाही सांगितलं?" मीच विचारलं.

शीलाने माझ्याकडे बघितलं. "तुमच्यापैकी कुणी त्याला विचारलं होतं?"

त्या दुपारी रँडी यंत्र घेऊन आला. गोठलेली जमीन फुटेना, पात्याखालून ठिणग्या उडत होत्या. ओढ्याच्या काठावर आव्हर्ड उभा होता. थोड्या वेळाने शेताच्या कुंपणावरून एल्डन आला, खांद्यावर पहार घेऊन. त्याने आव्हर्डकडे बघितलं नाही. रँडीच्या पात्याला अडणारे दगड तो पहारीने उचकटत राहिला. खड्डा खोल झाला, डचेस त्यात गेली, माती पडली. सगळं झाल्यावर आव्हर्ड एल्डनसमोर गेला.

"एल्डन, मी..."

"पुढच्या वेळी दार वाजव," एल्डन म्हणाला. "दुर्बीण नको लावूस. दार वाजव."

एवढंच. मग शनिवारी हॉलमध्ये आव्हर्डने सगळ्यांसमोर, घोडी मी ठेवली होती, पोरं माझ्यामुळे मेली, असं सांगितलं. दोन वाक्यं बोलला आणि बसला. त्या शनिवारी एल्डनच्या बाकावर जागा उरली नाही.

मार्चमध्ये तिबोटीला खोक्यात घालून परत आणलं आणि आव्हर्डच्याच शेतात सोडलं. खोका एल्डनने उघडला. आव्हर्ड घरातून बाहेर आला नाही. मी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. तिबोटी बर्फावर क्षणभर थांबली, मग उडाली आणि ओढ्यावरून निघून गेली.

त्यानंतर आव्हर्ड दुर्बिणीला डोळा लावेना. तिच्यावर एक टॉवेल टाकून ठेवला होता. शेतात कोंबड्या टाकायचा, पण टाकून पाठ फिरवायचा. संशय घ्यायचंही कमी झालं. रेडिओवरची बाई बोलली की नुसतं "असेल" म्हणायचा. मला ते बघवत नव्हतं. एकदा मुद्दाम त्याची थाळी सरळ नेऊन दिली. त्याने उलटी करून बघितली नाही, तशीच फडताळात ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी मी आणि एल्डन दोघंही त्याच्या स्वयंपाकघरात होतो. एल्डन हल्ली सकाळी तिथेच चहा प्यायचा. शेताच्या मधोमध नुकत्याच टाकलेल्या कोंबडीवर एक मोठी मादी उतरली. डोकं पांढरं स्वच्छ, कुठे एक शिंतोडा नाही. शेपूट पांढरी. नवी कोरी.

"ती बघ," मी म्हटलं.

आव्हर्डने खिडकीतून बघितलं. मग दुर्बिणीवरचा टॉवेल काढला. मला वाटलं, आता वाकेल. तो वाकला नाही.

"आव्हर्ड, बघ की."

"नको. मला दिसेल ते खरं असेलच असं नाही." त्याने दुर्बीण एल्डनकडे वळवली. "तू बघ. डावा पाय. ती असेल तर सांग."

एल्डन वाकला. खूप वेळ बघत राहिला. आव्हर्डने दोन्ही हात टेबलावर टेकले होते.

"तीन," एल्डन म्हणाला. "तीनच बोटं आहेत."

"नीट बघितलंस?" आव्हर्डच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्याने हात हलवला. "नको, राहू दे. तू म्हणतोस ना. मग आहे."

त्याने खुर्ची ओढली आणि खिडकीकडे तोंड करून बसला. शेतातल्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या लक्षात नव्हतं.

एल्डन बाजूला झाला. मी दुर्बिणीला डोळा लावला. मादी कोंबडीची पिसं उपटत होती. ताजा बर्फ तिच्या पोटापर्यंत आला होता. पाय दिसतच नव्हते, एकही बोट नाही.

मी डोकं वर केलं. एल्डन चहाच्या कपात बघत होता.

"तीनच," मी म्हटलं.